कुशल आणि विशेष : ऑस्टेन भगिनींच्या पत्रव्यवहाराचा एक विचार

मराठी दप्तरांतील जुनी पत्रे चाळणाऱ्या कोणालाही एक मायना तोंडपाठ असतो. येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन करीत गेले पाहिजे, असे लिहून झाले की ‘विशेष’ हा शब्द येतो आणि मग पत्राचा खरा मजकूर सुरू होतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, तेव्हापासून आपल्या इतिहासकारांची दृष्टी स्वाभाविकपणेच ‘विशेष’च्या पुढे धावत आली आहे. मोहीम, वसुली, तह, देणेघेणे हे सारे तेथे असते. त्याच्या अलीकडचे ‘कुशल’ हा केवळ शिष्टाचार. त्यात वाचण्यासारखे काही नाही, असे आपण गृहीत धरतो. जो पत्रव्यवहार आरंभापासून अखेरपर्यंत ‘कुशल’च आहे, ज्यात ‘विशेष’ कधी येतच नाही, त्याचे काय करायचे, हा प्रश्न मात्र त्यामुळे आपल्यापुढे सहसा उभा राहत नाही. इंग्रजी वाङ्मयेतिहासात तो एका प्रसिद्ध प्रकरणात उभा राहिला, आणि तेथील समीक्षेने त्याला दिलेली उत्तरे तपासण्यासारखी आहेत.

हे प्रकरण म्हणजे जेन ऑस्टेनने (१७७५–१८१७) आपली थोरली बहीण कॅसॅन्ड्रा (१७७३–१८४५) हिला लिहिलेली पत्रे. जेनची जी एकशे साठांच्या आसपास पत्रे आज उपलब्ध आहेत, त्यांपैकी निम्म्याहून अधिक कॅसॅन्ड्राला उद्देशून आहेत. दोघीही अविवाहित, आयुष्याचा बहुतेक काळ एकाच घरात, बराचसा एकाच खोलीत काढलेल्या. पत्र लिहिण्याचा प्रसंग येई तो दोघींपैकी एक दूर असली तर. हँपशरमधील स्टीव्हन्टनच्या धर्मगुरूचे हे घर, आणि केंट परगण्यातील गॉडमर्शम येथे श्रीमंत नातलगांनी दत्तक घेतलेला भाऊ एडवर्ड. एडवर्डच्या बायकोचे बाळंतपण आले की कॅसॅन्ड्राला बोलावणे येई. तेव्हा या पत्रव्यवहाराचे वेळापत्रक बऱ्याच अंशी एका भावजयीच्या बाळंतपणांनी आखलेले आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. लेखिकेच्या पत्रांत वाङ्मयचर्चा का नाही, असे विचारणाऱ्या अभ्यासकांनी ही पत्रे कोणत्या निमित्ताने लिहिली गेली हे विचारलेले फारसे दिसत नाही.

आर. डब्ल्यू. चॅपमन यांनी १९३२ साली या पत्रांची पहिली साक्षेपी आवृत्ती ऑक्सफर्डहून काढली, तेव्हा ई. एम. फॉर्स्टर यांनी तिचे परीक्षण लिहिले. फॉर्स्टर हे ऑस्टेनचे निःसंकोच भक्त होते; परंतु या पत्रांनी त्यांची निराशा केली. कादंबऱ्यांतील प्रज्ञा येथे दिसत नाही, क्षुल्लक गोष्टींचा भरणा फार, आणि काही ठिकाणी तर सहृदयतेचाही अभाव, असा त्यांच्या तक्रारीचा मथितार्थ होता. तक्रार नवी नव्हती. जेनचा पुतण्या जेम्स एडवर्ड ऑस्टेन-ली याने १८६९च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या चरित्रात वाचकांना आधीच सावध केले होते की या पत्रांकडून फार अपेक्षा ठेवू नये; त्यांत घरगुती जीवनाच्या बारीकसारीक तपशिलांपलीकडे काही नाही. पुतण्याचा हा विनय आणि फॉर्स्टर यांची निराशा यांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. उत्तम पत्र म्हणजे दोन सुसंस्कृत मनांचा संवाद; त्याला होरेस वॉल्पोल किंवा कवी कूपर यांच्या पत्रांचे माप लावायचे. हे माप ज्या पत्रांतून घेतले ती पत्रे अशा लोकांची होती, की ज्यांच्या घरात कोणाला ताप आला तर त्याची चिंता दुसरेच कोणी तरी वाहत असे.

पत्रांचे अर्थकारण येथे थोडे पाहिले पाहिजे. १८४० साली इंग्लंडात पेनी पोस्ट सुरू झाले. त्यापूर्वी पत्राचे हशील ते घेणाऱ्याने भरायचे असे, आणि ते अंतर व कागदांची संख्या यांवर ठरे. १८१२च्या दरानुसार शंभर मैलांच्या एका कागदी पत्राला नऊ पेन्स पडत. कागद दोन झाले की रक्कम दुप्पट. पाकीट हाही एक कागदच, म्हणून पाकीट नाही. एकच ताव दुमडून लाखेने वा खळीच्या टिकलीने बंद करायचा. पार्लमेंटचा एखादा सभासद ओळखीचा असला तर त्याच्या सहीने पत्र फुकट जाई. ही सोय गॉडमर्शमच्या वर्तुळात सुलभ होती, स्टीव्हन्टनच्या नव्हे. ‘एमा’ कादंबरीतील मिस बेट्सची भाची पूर्ण ताव भरून झाल्यावर तोच आडवा धरून पुन्हा त्यावरच लिहिते, हा विनोद नसून काटकसर आहे. म्हणजे घेणारीला पैसे मोजावे लागणार, तेव्हा तिच्या पैशाचे चीज झाले पाहिजे, ही जबाबदारी लिहिणारीवर. ही पत्रे अशी गच्च का असतात, एका वाक्यात टोपी आणि पुढच्याच वाक्यात मृत्यू का येतो, याचे निदान अर्धे उत्तर या व्यवहारात आहे. तावात परिच्छेद पाडायला जागा नसते.

१७९८ची शरद ऋतूतील पत्रे या दृष्टीने वाचावीत. कॅसॅन्ड्रा गॉडमर्शमला भावजयीपाशी थांबली आहे. जेन आईवडिलांना घेऊन परतीच्या वाटेवर. आईची प्रकृती नाजूक, किंवा निदान ती तशी समजत असे. वाटेतल्या मुक्कामावरून आणि घरी पोचल्यावर जेन कळवते ते असे : आईला प्रवास कसा मानवला, झोप किती लागली, अफूच्या अर्काचे किती थेंब दिले. हे थेंब मोजण्याचा मान आपल्याकडे आला, याची ती मिस्किलपणे नोंद करते. मिस्किलपणा खरा, पण औषधाची मात्रा मोजण्याचे काम एरवी कॅसॅन्ड्राचे होते आणि ते धाकटीने नीट पार पाडले याचा तो अहवालही आहे. याच पत्रांत शेजारच्या एका बाईला मृत मूल झाल्याची बातमी आणि तिने नवऱ्याकडे अवचित पाहिले असावे हा तो कुप्रसिद्ध विनोद आहे. त्याच्या क्रूरपणावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. आपण एवढेच पाहू की हे वाक्य सार्वजनिक नव्हते. ते एकाच वाचकासाठी होते, आणि ती वाचक त्या घडीला एका बाळंतिणीच्या उशाशी बसलेली होती. भयाला तोंड देण्याच्या काही रीती दोन बहिणींमध्येच चालतात. तिसऱ्याने वाचल्या की त्या अभद्र ठरतात.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील पत्र याहून महत्त्वाचे आहे. थोरला भाऊ जेम्स याची पत्नी मेरी शेजारच्या डीन गावी दिवस भरत आलेली. मूल होऊन जाईपर्यंत आपल्याला काहीच कळवू नका, असे आईने बजावले होते, आणि तिला संशयही येऊ न देण्यात घरच्यांना यश आले. दुसरीकडे, ओळखीच्या दोन स्त्रिया बाळंतपणात दगावल्याची बातमी जेन कॅसॅन्ड्राला देते आणि सांगते की ही वार्ता मेरीच्या कानी घातलेली नाही. येथे एका कुटुंबातील वार्तेच्या वहनाचा संपूर्ण नकाशाच आपल्यापुढे येतो. कोणाला काय, केव्हा, किती सांगायचे याचे नियम आहेत. आईसाठी एक, गर्भवती भावजयीसाठी दुसरा. सर्व काही जिला सांगता येते अशी एकच जागा आहे, ती म्हणजे दूर असलेली बहीण. आणि १७ नोव्हेंबरला जन्मलेले ते मूल म्हणजेच पुढे ही पत्रे क्षुल्लक ठरवणारा चरित्रकार जेम्स एडवर्ड ऑस्टेन-ली! स्वतःच्या जन्माची बातमी घरगुती तपशिलात मोडते, हे त्याच्या लक्षात आले होते की नाही कोण जाणे.

ऑक्टोबर १८०८ मध्ये या यंत्रणेची कसोटी लागली. एडवर्डची पत्नी एलिझाबेथ हिला अकरावे अपत्य झाले आणि ती बरी होते आहे असे वाटत असतानाच १० तारखेला अकस्मात वारली. कॅसॅन्ड्रा तेथेच होती. जेन आईसह साउदॅम्पटनला. त्या पंधरवड्यातील जेनची पत्रे ओळीने वाचली तर शोकपत्रांचे रूढ वळण कसे मोडत जाते ते दिसते. पहिल्यात धर्माचे, धीराचे, मृताच्या सद्गुणांचे जे बोलायचे ते आहे. ते लवकर आटोपते. मग सुतकाचे काळे कापड, बॉम्बझीन आणि क्रेप, कोणाला काय शिवायचे. पुढे आईवेगळी झालेली एडवर्डची दोन शाळकरी मुले विंचेस्टरहून साउदॅम्पटनला येतात, आणि पत्र त्यांच्यानेच भरून जाते : कागदी होड्या, काड्यांचा खेळ, कोडी. ही मुले रडली केव्हा आणि खेळात रमली केव्हा, हे जेन तपशिलाने लिहिते. मृत्यूविषयीचे भाष्य संपून शुश्रूषेचा वृत्तान्त सुरू झालेला आहे. गॉडमर्शमला विधुर बाप आणि उरलेली मुले कॅसॅन्ड्राच्या हाती आहेत. साउदॅम्पटनला दोन मुले जेनच्या. एकाच घराचे दुःख दोघींनी वाटून घेतले असून पत्र हा त्या वाटणीचा हिशेब आहे. क्रेप आणि कागदी होड्या यांना ‘क्षुल्लक’ म्हणणारा वाचक या पत्रांचा विषयच हरवून बसतो.

येथवर आपण जे उरले त्याविषयी बोललो. परंतु या पत्रव्यवहाराचा इतिहास हा जे उरले नाही त्याचाही इतिहास आहे. कॅरोलाइन ऑस्टेन या पुतणीने १८६७ साली लिहिलेल्या आठवणींत नमूद केले आहे की कॅसॅन्ड्राने आपल्या मृत्यूपूर्वी दोनतीन वर्षे ही पत्रे वाचून काढली, बहुतेक जाळली, काही पुतण्याभाच्यांना ठेव म्हणून दिली. आणि जी उरली त्यांतील कित्येकांतून तुकडे कापून काढलेले होते. कॅसॅन्ड्राने जेनला लिहिलेले तर एकही पत्र आज अस्तित्वात नाही. उरलेल्या साखळीतील खंड बोलके आहेत. १७९७ साली कॅसॅन्ड्राचा वाग्दत्त वर टॉम फाउल वेस्ट इंडीजमध्ये पीतज्वराने वारल्याची बातमी आली. त्या वर्षीचे कॅसॅन्ड्राला लिहिलेले पत्र नाही. मे १८०१ ते सप्टेंबर १८०४ या काळातील पत्र नाही. जेनने डिसेंबर १८०२ मध्ये एक मागणी स्वीकारून दुसऱ्या दिवशी नाकारली, तो प्रसंग याच खंडात बुडालेला आहे.

एक शतकभर या खंडांतून चरित्रकारांनी प्रेमकथाच काढल्या. डिअर्ड्र ल फे यांनी १९९५ साली पत्रांची नवी आवृत्ती सिद्ध करताना या रिकाम्या जागा काळजीपूर्वक मोजल्या आणि वेगळे अनुमान मांडले. कॅसॅन्ड्राने जे नष्ट केले ते बहुधा प्रणयाचे नव्हे; एक तर घरच्या माणसांवरचे बोचरे शेरे, नाही तर दुखण्यांची अति उघड वर्णने. १७९८ मध्ये आई आजारी असतानाच्या मालिकेतली काही पत्रे गहाळ आहेत, हा त्यांचा एक दाखला. हे अनुमान मला पटते, आणि त्याचा परिणाम गंभीर आहे असे वाटते. कात्री चालली ती नेमकी शरीरावर. म्हणजे प्रकृतीच्या बातम्यांचा अतिरेक म्हणून ज्या पत्रांना नावे ठेवली गेली, ती पत्रे प्रकृतीच्या बातम्या वगळून उरलेली आहेत! उरलेल्यावर पुन्हा १८८४ साली लॉर्ड ब्रेबोर्न याने, म्हणजे गॉडमर्शमच्या थोरल्या कन्येच्या, फॅनीच्या, मुलाने, संपादकीय हात फिरवला आणि शरीराचे काही उघड उल्लेख आणखी गाळले. मूळ हस्तलिखितांच्या प्रतिकृती १९९० मध्ये जो मॉडर्ट यांनी छापल्या, तेव्हा कापलेल्या जागा सर्वसामान्य अभ्यासकाला डोळ्यांनी पाहता आल्या.

(ल फे यांच्या आवृत्तीचे परीक्षण करताना टेरी कॅसल यांनी १९९५ मध्ये या भगिनीप्रेमाच्या स्वरूपाविषयी जे लिहिले त्यावरून इंग्लंडात मोठा गदारोळ झाला. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु वाद करणाऱ्या दोन्ही पक्षांना कॅसॅन्ड्राच्या पत्नीत्वाचा वा अपत्नीत्वाचा प्रश्न जेवढा मोलाचा वाटला, तेवढा तिच्या परिचारिकापणाचा वाटला नाही, हे नोंदवण्याजोगे आहे.)

आपल्याकडे अशुभाचे पत्र वाचून होताच फाडून टाकण्याची रीत होती. ते घरात ठेवायचे नाही. त्यामुळे मराठी घरांतील मृत्यूच्या बातम्यांचे दप्तर बनूच शकले नाही. कॅसॅन्ड्राच्या जाळण्यामागे असा संकेत नव्हता, मर्यादेची वेगळी कल्पना होती. परंतु दोन्ही ठिकाणी फल एकच : ज्याच्यासाठी पत्र तातडीने लिहिले गेले, तेच इतिहासाला मिळत नाही.

या पत्रांचा आणि कादंबऱ्यांचा संबंध शोधताना समीक्षक बहुधा मूळ माणसांच्या शोधात पडतात. अमके पात्र कोणावरून बेतले वगैरे. त्याऐवजी कादंबऱ्यांत प्रकृतिवार्तेचे पत्र काय करते ते पाहावे. ‘मॅन्सफील्ड पार्क’ची (१८१४) सुरुवातच तीन बहिणींच्या फाटाफुटीने होते. धाकटीने मनाविरुद्ध लग्न केल्यावर तिघींत पत्रांची चकमक झडते आणि अकरा वर्षे संबंध तुटतो. नववे बाळंतपण जवळ आल्यावर धाकटी पुन्हा पत्र लिहिते, आणि त्या पत्रामुळेच फॅनी प्राइस त्या घरात येते. अबोला आणि बाळंतपण या दोन गोष्टींवर एक संपूर्ण कादंबरी उभी राहते. पुढे फॅनी पोर्टस्मथला असताना टॉम बर्ट्रमच्या आजाराची हकिकत लेडी बर्ट्रम तिला पत्रांनी कळवते. या बाईला पत्राची एक ठरीव, ऐसपैस शैली साधलेली आहे, आणि टॉम दूर कुठेतरी आजारी आहे तोवर ती शैली सुखाने चालते. टॉमला प्रत्यक्ष घरी आणले जाते, त्याचा बदललेला चेहरा आई पाहते, आणि अर्धवट लिहिलेल्या त्याच पत्राचा उरलेला भाग बोलल्यासारखा, तुटक, भयभीत होऊन येतो. पत्राची शैली कशी बदलते याचे एवढे अचूक निरीक्षण, अशी पत्रे शेकड्यांनी लिहिलेल्या हातालाच शक्य होते. त्याच सुमारास मेरी क्रॉफर्डही टॉमच्या प्रकृतीची चौकशी करणारे पत्र पाठवते. त्या चौकशीआड वारसाच्या मृत्यूची आशा लपलेली आहे. प्रकृतीची विचारपूस करणाऱ्या दोन पत्रांतून दोन माणसांची नैतिक पारख लेखिका करून देते. एडवर्ड सईद यांनी १९९३ मध्ये या कादंबरीतील अँटिग्वाच्या मळ्यांकडे लक्ष वेधले ते योग्यच होते. पण मॅन्सफील्डचे घर मळ्यांच्या उत्पन्नावर चालते तसेच ते पत्रांच्या श्रमावरही चालते, आणि हे श्रम फॅनीसारख्या आश्रित मुलीच्या वाट्याला आलेले आहेत.

खुद्द जेनच्या आजाराकडे येताना पुराव्याचे स्वरूप पालटते. ऑक्टोबर १८१५ मध्ये ती लंडनला भाऊ हेन्री याच्या आजारात अडकली होती. वैद्याने आदल्या रात्री वीस औंस रक्त काढले, सकाळी जवळजवळ तेवढेच, उद्या पुन्हा काढणार, हे ती कॅसॅन्ड्राला कोरडेपणाने कळवते. वर्षभराने पाळी तिची होती. सप्टेंबर १८१६ मध्ये कॅसॅन्ड्रा चेल्टनहॅमला गेली असताना लिहिलेले पत्र हे तिला लिहिलेल्या उपलब्ध पत्रांतील शेवटचे. त्यात जेन सांगते की पाठ बरेच दिवस जवळजवळ दुखली नाही. मनाचा क्षोभ तिला श्रमांइतकाच बाधतो असे दिसते. आणि तू निघालीस तेव्हा मी आजारी पडले ती तू निघालीस म्हणूनच. विरहाची कबुली पाठदुखीच्या निदानात घातलेली आहे. फॉर्स्टर यांना या पत्रांत भावना सापडत नव्हत्या, त्या अशा जागी शोधायच्या असतात.

यानंतर कॅसॅन्ड्रा सहसा जवळच राहिली, आणि म्हणून पत्र नाही. १९६४ साली सर झॅकरी कोप यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जेनला अ‍ॅडिसनचा रोग झाला होता असे निदान मांडले; पुढे इतरांनी लसिकाग्रंथींचा कर्करोग सुचवला, कोणी क्षय. या निदानांचा एक प्रमुख आधार म्हणजे मार्च १८१७ मध्ये भाची फॅनीला लिहिलेल्या पत्रातील चेहऱ्याच्या विचित्र रंगाचे वर्णन. जिला सर्व लक्षणे रोज दिसत होती तिला लिहिण्याची गरज नव्हती, आणि पूर्वी लिहिलेले तिनेच कापले. वैद्यकाचा इतिहास ज्या साक्षीदारावर विसंबू शकला असता, तिचीच साक्ष नाही.

याच महिन्यांत, २७ जानेवारी ते १८ मार्च १८१७, जेन ‘सँडिटन’ लिहीत होती. त्या अपुऱ्या कादंबरीत डायना पार्कर भावाला पत्र लिहिते : सुझनला दहा दिवस रोज सहा जळवा लावल्या, गुण आला नाही, मग तीन दात काढले. भावंडांच्या दुखण्यांचे हे हास्यास्पद पत्र लिहिणाऱ्या बाईला बसवत नव्हते, अशी वेळ जवळ येत होती. आजारपणाच्या पत्राचे व्याकरण तिला इतके अवगत होते की स्वतः मरत असताना ती त्याचे विडंबन करू शकली. आणि ते विडंबन कात्रीतून वाचले, कारण ते काल्पनिक होते.

२४ मे रोजी दोघी बहिणी उपचारांसाठी विंचेस्टरला गेल्या. १८ जुलैच्या पहाटे जेन वारली. दोन दिवसांनी, २० तारखेला, कॅसॅन्ड्राने फॅनीला पत्र लिहिले. धाकट्या बहिणीच्या अखेरच्या दिवसांविषयी तिचा स्वतःचा शब्द आपल्याला पहिल्यांदा ऐकू येतो तो येथे, आणि तिची रीत आपल्या ओळखीची निघते. झटका किती वाजता आला, वैद्य काय म्हणाला, हवे-नको विचारल्यावर रुग्णाने काय उत्तर दिले; बिछान्याबाहेर कलंडलेल्या डोक्याला आधार म्हणून आपण मांडीवर उशी घेऊन किती तास बसलो, मग भावजयीने किती वेळ जागा घेतली, आणि पुन्हा आपण केव्हा बसलो. डोळे आपण स्वतः मिटले. पुढच्या पत्रात अंत्ययात्रेचे आहे. स्त्रियांनी दफनाला जाण्याची चाल तेव्हा नव्हती. खिडकीतून तिने ती लहानशी मिरवणूक रस्त्याच्या वळणापर्यंत पाहिली. ही दोन्ही पत्रे फॅनीने जपून ठेवली.